रानातला बारा किलोमीटरांचा फेरा

आप्पांवरचा माझा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. वडील जाऊन पुष्कळ वर्षं झाली. त्यांच्या तिथीला मी त्यांच्या आवडीची काळ्या वाटाण्याची उसळ करते, पान वाढते आणि फोडणी देता देता मनातल्या मनात त्यांच्याशी भांडते. माझी मुलगी म्हणते, "आई, इतक्या जुन्या गोष्टीचा राग काय धरून बसायचा?" तिला म्हणायला काय जातं? तिचा पासपोर्ट तिच्या कपाटात असतो. हवा तेव्हा काढते, बॅगेत टाकते, निघते. पासपोर्ट मागावा लागतो, तो मागायला माणूस घाबरतो, आणि घाबरलेला माणूस घरी येऊन स्वतःच्या मुलीशी खोटं बोलतो, हे तिला कितीही सांगितलं तरी तिच्या डोक्यात ते शिरत नाही. म्हणून हे लिहिते आहे.

आम्ही कुवेतला अब्बासियात राहायचो. सहा मजली इमारत, तिसरा मजला, दोन खोल्यांचा फ्लॅट. एका खोलीत आप्पा, आई आणि मी. दुसऱ्या खोलीत हमीदचाचा आणि जुबेदाखाला. स्वयंपाकघर आणि मोरी दोघांत मिळून. आप्पा लांज्याजवळच्या एका वाडीतले सुतार, एका बांधकाम कंपनीत दरवाजे-चौकटीच्या कामावर. हमीदचाचा रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात काउंटरवर. गावाकडे ही दोन माणसं एका छपराखाली कधी राहिली नसती, इथं मात्र खाला आणि आई एकाच ओट्यावर, एकीचा तवा उतरला की दुसरीचा चढायचा. आईच्या तांदळाच्या भाकरीचे थप-थप हात, खालाच्या पाट्यावरचं खोबरं, खिडकीतल्या एसीची घरघर, आणि सकाळी खाली उभ्या राहिलेल्या कंपनीच्या बसचा लांबलचक हॉर्न. तो हॉर्न वाजला की आप्पा हातातला चहा अर्धा टाकून धावायचे. पूर्ण चहा पिऊन जाताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. बस एक मिनिट थांबली असती. ड्रायव्हर आपला केरळी, भला माणूस होता. पण आप्पांनी त्याला कधी थांब म्हटलं नाही. हे मला त्या वेळी नुसतं दिसत होतं, त्याचा अर्थ नंतर लागला.

मी पळायला लागले ते शाळेतल्या डिसिल्वा मिसमुळे. त्या मंगळूरच्या, पीटी शिकवायच्या. शाळेचं मैदान म्हणजे भिंतीच्या आत कोंडलेली वाळू. तिच्यावर सगळ्या मुली दोन फेऱ्यांत दमून बसायच्या आणि मला मात्र थांबावंसं वाटायचं नाही. मिसनी एकदा घड्याळ लावून पाहिलं, पुन्हा लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "तू उद्यापासून मधल्या सुट्टीत माझ्याकडे यायचं." मी दहावीत होते. मला तोवर कुणी कशासाठीच निवडलं नव्हतं. आमच्या घरात मी शहाणी मुलगी होते, म्हणजे जिच्याकडे बघावं लागत नाही अशी मुलगी.

मग त्या वर्षी लेबनॉनहून पत्र आलं. तिथल्या एका शाळेनं आजूबाजूच्या देशांतल्या शाळांच्या मुलींना शर्यतीला बोलावलं होतं. ट्रॅकवरची शर्यत नव्हे. समुद्राजवळच्या डोंगरात एक राखीव जंगल होतं, त्यातून पायवाटेनं बारा किलोमीटरांचा एक फेरा, जिथून सुरुवात तिथंच शेवट. मिसनी पत्राबरोबर आलेला नकाशा फळ्यावर टाचला. त्यावरची वाट एखाद्यानं दोरा टाकून द्यावा तशी वेडीवाकडी होती आणि तिच्या कडेला चढाचे आकडे लिहिले होते. आमच्या शाळेतून चार मुली जाणार होत्या. खर्च शाळेचा आणि बोलावणाऱ्यांचा. पहिल्या दहांत येणाऱ्या मुलींना पुढच्या वर्षी दोन महिन्यांच्या शिबिराला बोलावणार होते. चार नावांत पहिलं नाव माझं होतं.

कुवेतमध्ये चढ कुठून आणायचा? सगळा देश ताटासारखा सपाट. मी आमच्या इमारतीचा जिना धरला. तळमजल्यावरून गच्चीच्या दारापर्यंत धावत जायचं, लिफ्टनं खाली यायचं, पुन्हा वर. रोज वीस वेळा. जिन्यात कुणाकडे सुकट भाजलेली असायची, कुणाकडे बोकडाचं मटण शिजत असायचं, तो सगळा वास नाकातोंडात भरून मी वर जायचे. इमारतीचा राखणदार पहिले काही दिवस ओरडला, मग मला पाहिलं की स्वतःच लिफ्टचं दार धरून उभा राहायला लागला. जुबेदाखाला तिसऱ्या मजल्यावर दारात खजूर घेऊन उभी असायची. "तोंड उघड गो, थांबू नको," असं म्हणत पळता पळता माझ्या तोंडात खजूर कोंबायची. मी फक्त चढायला शिकत होते. उतरायचं काम लिफ्ट करत होती. हे मिसच्याही लक्षात आलं नाही आणि माझ्याही.

आता पासपोर्टबद्दल. इकामा, म्हणजे राहायचा परवाना, त्याचा शिक्का मारायला म्हणून आमचे तिघांचे पासपोर्ट कंपनीत गेले होते आणि कंपनीच्या कपाटातच राहिले होते. सगळ्यांचेच राहायचे. मिसनी सांगितलं, लेबनॉनच्या व्हिसासाठी पासपोर्ट लवकर हवा. मी त्याच संध्याकाळी आप्पांना सांगितलं. ते पाटावर बसून कुळथाचं पिठलं आणि भाकरी खात होते. म्हणाले, "मागतो गो उद्या."

दुसऱ्या दिवशी विचारलं, "मागितलात?"

"मागितला. बघतो म्हणालेत."

एक आठवडा गेला. "बघतो म्हणालेत." दुसरा गेला. मिस रोज वर्गाच्या दारात येऊन भुवया उंचावायच्या आणि मी मान हलवायचे. बाकी तिघींचे व्हिसा लागले. तिसऱ्या आठवड्यात आप्पा म्हणाले, "साहेब रजेवर हाय." चौथ्या आठवड्यात म्हणाले, "नाय म्हणाले गो. कंपनीचा नियम हाय." आणि जेवणावरून उठून हात धुवायला गेले. आई भाकरी थापत होती, तिचे हात थांबले, मग पुन्हा चालू झाले. खाला मला जवळ घेऊन म्हणाली, "बाप काय करील बिचारा? समजून घे." मी समजून घेतलं. तेव्हा मी सोळा वर्षांची होते आणि सोळा वर्षं समजूनच घेत होते. त्या कंपनीचा मी असा काही द्वेष केला की तिचं नाव लिहिलेली बस दिसली तरी मी तोंड फिरवायचे. तरीही जिना मी सोडला नव्हता, कारण दुसरं करायला काही नव्हतं.

पाचव्या आठवड्यातल्या गुरुवारी शाळा अर्धा दिवस होती. मी घरी न जाता फरवानियाची बस पकडली. कंपनीचं ऑफिस तिथं गावी पैसे पाठवायच्या एका एक्स्चेंजच्या दुकानाच्या वर होतं, आप्पांच्या पगाराच्या पाकिटावरचा पत्ता मला पाठ होता. साहेबासमोर उभं राहून काय बोलायचं ते मी बसमध्ये ओठ हलवत म्हणत होते. शेजारची बाई माझ्याकडे बघून सरकून बसली. साहेब नव्हताच. सरकारी कागदपत्रं करणारा एक इजिप्शियन माणूस होता, अशा माणसाला तिथं मंदूब म्हणत. पोट टेबलाला टेकलेलं, समोर चहाचा ग्लास. शाळेच्या युनिफॉर्ममधली मुलगी दारात बघून तो गोंधळला.

"क्या मांगता?" तो म्हणाला. तिथलं हिंदी सगळ्यांचं सारखंच मोडकं असे.

मी आप्पांचं नाव सांगितलं. म्हटलं, माझा पासपोर्ट हवा आहे, वडिलांनी पाच आठवडे मागितला, तुम्ही का देत नाही?

"कौन बाबा? नज्जार?" त्यानं हातानं करवत चालवून दाखवली.

"हां, नज्जार."

त्यानं मागचं लोखंडी कपाट उघडलं, रबरबँड लावलेला गठ्ठा काढला, आणि दोन मिनिटांत माझा पासपोर्ट टेबलावर ठेवला. उघड्या पानावरचा माझा दोन वेण्यांचा फोटो माझ्याकडे बघत होता. मी हात पुढे केला तसा त्यानं त्यावर आपला पंजा ठेवला आणि ड्रॉवरमधून एक छापील कागद काढला. "बाबा सही, तू पासपोर्ट. मुश्किल नहीं. बच्चा का पासपोर्ट, क्या मुश्किल?"

"आप बोला नहीं देगा," मी म्हटलं. माझा आवाज चिरका झाला होता.

त्यानं दोन्ही हात वर केले. "मैं? तेरा बाबा कभी नहीं आया. कभी नहीं मांगा. वल्लाह."

तो खोटं बोलत नव्हता. खोटं बोलणाऱ्या माणसाला इतकं आश्चर्य वाटत नाही. त्यानं मला चहा देऊ केला. मी तो कागद घेऊन जिना उतरले. खाली फूटपाथवर एक्स्चेंजच्या रांगेत उभी असलेली माणसं होती, घामेजलेली, हातात कागद, सगळी आप्पांच्या वयाची. मला त्या सगळ्यांना गदागदा हलवावंसं वाटलं.

आप्पा संध्याकाळी आले तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. ओट्याशी आई, खाली बसून खाला मासे साफ करत होती, हमीदचाचा दारात पाणी पीत होते. मी कोणाचीही पर्वा केली नाही. कागद आप्पांच्या पुढ्यात धरला.

"तुम्ही मागितलाच नाहीत."

त्यांनी कागद पाहिला. नाकारायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही. नुसते म्हणाले, "तू आफिसात गेलीस?"

"पाच आठवडे! रोज मी विचारत होते. रोज तुम्ही तोंडावर खोटं सांगत होतात. एक सही, आप्पा. एक सही हवी होती."

"हळू बोल."

"नाही बोलणार हळू. ऐकू दे सगळ्यांना."

हमीदचाचा मध्ये पडले, "पोरी, बाप आहे तो." आप्पांनी त्यांना हातानं थांबवलं. मग भिंतीकडे बघत बोलले, "पासपोर्ट मागितला की त्यांना वाटतं, हा पळणार. दुसरी कंपनी बघतोय. आमच्यातल्या रघुनाथानं गेल्या साली मागितला, आठ दिवसांत त्याच्या हातात परतीचं तिकीट ठेवलं. तुझी शाळा, ही खोली, सगळं त्या नोकरीवर हाय. एका पळण्यापायी मी ते घालवू?"

"मग तसं सांगायचं होतं! मी नको म्हटलं असतं. मी स्वतः नको म्हटलं असतं, आप्पा. तुम्ही मला तेवढंही करू दिलं नाहीत."

ते उभे होते, केसांत भुसा, आणि मला त्यांची दया येत नव्हती. आज इतक्या वर्षांनी मी तो प्रसंग उलटसुलट करून पाहते. त्यांची भीती खरी होती, मला मान्य आहे. रघुनाथ खरंच गेला होता. पण माझाही राग खरा होता, आणि तो मला जायला मिळत नाही या गोष्टीचा नव्हताच. ही शहाणी मुलगी आहे, हिला काहीही सांगितलं तरी चालतं, हे त्यांनी धरून चालावं, याचा होता.

आईनं पिठाचे हात पुसले. जन्मात तिनं आप्पांना कधी काही कर म्हणून सांगितलेलं मी ऐकलं नव्हतं. ती म्हणाली, "अहो, सही करा." आवाज न चढवता. आप्पा हलले नाहीत. ती कागद घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिली आणि त्यांच्या खिशातली, लाकडावर खुणा करायची पेन्सिल त्यांच्या हातात दिली. चाचांनी आपलं पेन पुढे केलं. आप्पांनी ओट्यावर कागद ठेवून सही केली. कागदाला पीठ लागलं. त्यानंतर निघेपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही.

आणि कंपनीत काय झालं? काही झालं नाही. कुणी विचारलंसुद्धा नाही. मंदूबानं कागद फायलीत टाकला आणि विसरून गेला.

पण पाच आठवडे गेले होते ते गेलेच. माझा व्हिसा इतका उशिरा लागला की मिस आणि बाकी तिघी पुढे गेल्या आणि मी दोन दिवसांनी मागून एकटी विमानात बसले. त्या दोन दिवसांत त्या तिघींनी मिसबरोबर तो फेरा दोनदा चालून पाहिला होता. मी पोचले ती शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी. मिसनी मला जंगलाच्या तोंडाशी नेलं आणि जाता जाता काही झाडांची नावं सांगितली. हा पाइन, वरती छत्रीसारखा पसरतो तो. हा ओक, इथला ओक हिवाळ्यातही पानं टाकत नाही. ही लालसर सालीची, हात लावून बघ, उन्हातसुद्धा गार लागते. मी हात लावून पाहिला. झाडांची सावली म्हणजे काय असते ते मी विसरले होते.

सकाळी एका दगडी चौकीपासून आम्ही निघालो, चाळीसेक मुली. पहिले दोन किलोमीटर पाइनच्या सुयांवरून, पाऊल टाकलं तर आवाज नाही. माती लाल, आमच्या गावच्या कातळसड्याखालच्या मातीसारखी. मी पुढच्या घोळक्यात होते. मिसनी बजावलं होतं, सुरुवातीला दमानं जा. पण माझ्या डोक्यात एकच वाक्य पायांबरोबर पडत होतं: मागितलाच नाही, मागितलाच नाही. कोरड्या ओढ्यात उतरून मोठमोठ्या धोंड्यांवरून पलीकडे गेलो आणि चढ लागला. खडा, नागमोडी, सुट्या दगडांचा. इथं मी जिन्याची पोर निघाले. बाकीच्या चालायला लागल्या, मी पळत राहिले. पायाखाली कसल्याशा झुडपांचा उग्र वास सुटत होता आणि मला एकदम कळलं, हा झातर. आमच्या कोपऱ्यावरच्या बेकरीत रोटीवर भुरभुरवतात तोच. तो इथं रस्त्यावर उगवला होता, फुकट, पायदळी. वर धारेवर पोचले तेव्हा माझ्यापुढे कुणी नव्हतं. डावीकडे खाली समुद्र दिसत होता. मी पहिली होते. आयुष्यात तेवढी सात-आठ मिनिटं मी सगळ्यांत पहिली होते.

मग उतार आला.

उतरायला मला कुणी शिकवलं नव्हतं. पाय कुठं टाकायचा, अंग पुढे झुकवायचं की मागे, काही माहीत नाही. एक मुलगी बाजूनं शेळीसारखी उड्या मारत गेली, मग दुसरी, मग तीन एकदम. त्यांतली एक आमच्याच शाळेची. ती ओरडून म्हणाली, "डावीकडून ये, उजवीकडे माती सुटी आहे!" तिला ते ठाऊक होतं. दोनदा चालून पाहिलं होतं तिनं. मी उजवीकडेच होते. पाय सटकला आणि मी घसरत एका ओकच्या मुळाशी जाऊन आदळले. गुडघा फुटला, तळहातांत खडे घुसले. मी तिथं बसून मोठ्यानं शिवी दिली, मराठीत, आप्पांना. हे मी कुणाला कधी सांगितलेलं नाही. जंगलात कुणाला कळणार होतं?

उठले. राग संपला होता असं नाही, पण त्याच्या जोरावर आणखी पळता येईना. शेवटचे चार किलोमीटर मी नुसती पळले, रडत, मग रडायचीही ताकद उरली नाही तेव्हा न रडता. शेवटी दगडी बांधांमधून एक छोटा चढ होता, तिथं मी पुन्हा चार जणींना मागं टाकलं. चौकीपाशी पोचले तेव्हा दहाव्या मुलीची पाठ माझ्यापासून दहा-बारा पावलांवर होती. मी अकरावी आले. मिसनी मला मिठी मारली, म्हणाल्या, वाट आधी पाहिलेली नसताना अकरावी, कमाल केलीस. मी त्यांच्या खांद्यावरून त्या दहाव्या मुलीकडे बघत होते. ती वाकून बुटाची नाडी सोडत होती.

परत आले तेव्हा कुवेतच्या विमानतळावर आप्पा आले होते. अर्ध्या दिवसाची रजा मागून. हो, मागून, त्या दिवशी त्यांनी ती मागितली होती. इस्त्रीचा शर्ट, केस तेल लावून बसवलेले. हमीदचाचांच्या ओळखीच्या माणसाची टॅक्सी होती. त्यांनी माझी बॅग घेतली, माझ्या गुडघ्यावरच्या पट्टीकडे पाहिलं.

"कितवी आलीस?"

"अकरावी."

त्यांनी बॅग डिकीत ठेवली. टॅक्सी निघाली. दोन्ही बाजूंना वाळू, विजेचे खांब, पुन्हा वाळू. मग त्यांनी रस्त्यावरची नजर न काढता विचारलं, "झाडं कसली होती गो तिथं?"

त्यांचा सगळा जन्म लाकडात गेला होता, आणि कुवेतमधली सगळी वर्षं जहाजातून फळ्या होऊन आलेल्या लाकडात. उभी झाडं त्यांना दोन वर्षांतून एकदा, गावी गेल्यावर दिसायची. त्यांच्या आवाजात मी कधी न ऐकलेलं काहीतरी होतं, एखाद्यानं आपल्याला न परवडणारी गोष्ट दुरून विचारावी तसं. मला सगळं ठाऊक होतं. पाइन, ओक, ती गार सालीची झाडं, फांदी कुठून फुटते, मुळं जमिनीवर कशी येतात. त्या मुळांवर तर मी पडले होते.

"माझं लक्ष नव्हतं," मी म्हटलं.

आप्पांनी मान हलवली. "पळताना कुठलं लक्ष असणार," ते म्हणाले, आणि काच खाली करून बाहेर बघत बसले.